ब्रह्महृदयाजवळ विझलेलं स्थानक

दादरची सात मजली गच्ची, जानेवारीची संध्याकाळ, सूर्यास्ताला सव्वा तास झालेला. आकाशदर्शनाला रहिवासी जमले होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक नैऋत्येकडून येऊन जवळपास माथ्यावरून ईशान्येकडे जाणार होतं.

शहराच्या उजेडाची यात काळजी नसते. माथ्यावरचं स्थानक व्याधाहून, म्हणजे रात्रीच्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याहून, कितीतरी तेजस्वी दिसतं. अडवतात त्या इमारती. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. नैऋत्येच्या टॉवरने तीन मुठी आकाश झाकलं होतं. स्थानकाला १० अंशांवरून ३० अंशांवर चढायला पावणेदोन मिनिटं लागतात, तिथून माथ्यावर यायला जेमतेम दीड. म्हणून टॉवरच्या कडेवरच नजर ठेवायला सांगितलं होतं.

"काका, आलं!" एक मुलगी ओरडली. ते विमान होतं. लाल-हिरवे दिवे आणि लुकलुक दिसली की विमान समजायचं. स्थानकाचा प्रकाश परावर्तित सूर्यप्रकाश, त्यामुळे तो स्थिर असतो. एका आजोबांच्या मोबाइलमधली वेळ तर उलटून गेली होती! ती आठवडाभरापूर्वी टिपलेली. विरळ हवेच्या घर्षणाने स्थानक खाली येतं, मग इंजिनांनी त्याला वर ढकलतात. जुन्या वेळा चुकतात. वेळ त्याच दिवशी पाहावी.

मग टॉवरच्या कडेवरून ते निघालं. ४०० किलोमीटरहून थोडं अधिक उंचीवर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने. माथ्यावर ते सेकंदाला सुमारे एक अंश सरकतं, म्हणून दुर्बिणीच्या नादी न लागता नुसत्या डोळ्यांनी पाहावं. फोटोसाठी तिपाईवर कॅमेरा, आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर ४ आणि १०-१० सेकंदांच्या सलग फ्रेम. एकच लांब एक्स्पोजर घेतलं तर मुंबईचं आकाश पांढरं पडतं.

माथा ओलांडून पाऊण मिनिट झालं असेल. ईशान्येला ब्रह्महृदय या ठळक ताऱ्याजवळ ते तांबूस झालं, मंदावलं आणि काही सेकंदांत नाहीसं झालं. आकाशात ढग नव्हता. स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलं होतं. पुढे ते होतंच, फक्त त्याच्यावर ऊन नव्हतं. सगळा कार्यक्रम या क्षणासाठी ठेवावा, इतका तो सुंदर असतो.

"पुन्हा कधी?" मुलीने विचारलं. स्थानक सुमारे ९३ मिनिटांत एक फेरी मारतं, पण तेवढ्यात पृथ्वी २३ अंश फिरते, म्हणून पुढची फेरी मुंबईच्या बरीच पश्चिमेकडून जाते. शिवाय तोवर इथे रात्र गडद झालेली असते आणि स्थानक सावलीत.