बेल्जियमला कपडे उलटून बघायला

कपड्यांच्या दुकानात शिरले की माझा हात आधी कपड्याच्या आतल्या बाजूला जातो. अस्तर कसं बसवलंय, मार्जिन किती सोडलंय, काज हातचं आहे की मशीनचं. ही सवय आईची. १९८२च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, साचेखात्यात, म्हणजे मागांवर, असलेल्या बाबांचं काम कायमचं थांबलं आणि लालबागच्या आमच्या खोलीत आईचं मशीन सुरू झालं. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. त्याच मशीनवर मी टीप मारायला शिकले आणि आज डोंबिवलीत माझं स्वतःचं शिवणकामाचं छोटं युनिट आहे.

म्हणून बेल्जियममध्ये लूवेनला शिकणारी भाची "मावशी, ये ना दहा दिवस" म्हणाली, तेव्हा मी चॉकलेटं आणि ब्रूजचे कालवे यादीत घेतलेच नाहीत. अँटवर्प, गेंट आणि कोर्ट्रैक ही तीन गावं नीट बघायची, जमलं तर ब्रुसेल्स, असं ठरवलं. शिवणकाम, विणकाम, डिझाइन यांत असलेल्या कुणालाही मी हाच मार्ग सुचवीन.

जाण्याआधी एक गोष्ट वाचून ठेवा, म्हणजे तिथे दिसणाऱ्या वस्तूंचा एकमेकांशी संबंध लागतो. सत्तरच्या दशकात बेल्जियमच्या कापड गिरण्या डबघाईला आल्या होत्या. १९८१मध्ये सरकारने वस्त्रोद्योगासाठी योजना आणली. यंत्रसामग्रीला पैसे दिलेच, शिवाय 'फॅशन, हे बेल्जियन आहे' अशी मोहीम काढली आणि तरुण डिझायनरांसाठी 'सोनेरी कांडी' नावाची स्पर्धा सुरू केली. १९८२ची पहिली स्पर्धा अ‍ॅन डेम्युलेमेस्टर जिंकली. १९८६मध्ये ती, ड्रीस व्हान नोटेन, वॉल्टर व्हान बेरेनडोंक, डर्क बिकेम्बर्ग्स, डर्क व्हान साने आणि मारिना यी हे सहा जण लंडनच्या ब्रिटिश डिझायनर शोमध्ये माल घेऊन गेले. त्यांना जागा मिळाली ती लग्नाच्या पोशाखांच्या मजल्यावर. त्यांनी पत्रकं वाटून लोकांना वर बोलावलं. नावं उच्चारता येईनात म्हणून इंग्रजी पत्रकारांनी त्यांना 'अँटवर्प सिक्स' करून टाकलं.

गिरण्या तिथेही बंद पडल्याच. पण १९८२ हे वर्ष आमच्या घरात ज्या अर्थाने लक्षात आहे, त्याच वर्षी दुसऱ्या एका देशात कापडाच्या पुढच्या पिढीचा विचार चालू होता, हे वाचून मी बराच वेळ गप्प होते. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले.

ब्रुसेल्सच्या विमानतळावरून अँटवर्पला थेट गाडी आहे, साधारण पस्तीस मिनिटं. देशातल्या गाड्यांना आसन-आरक्षण नसतं, त्यामुळे एखादी गाडी चुकली तरी जीव टांगणीला लागत नाही. पाट्यांकडे मात्र लक्ष ठेवा. एकाच गावाला दोन नावं असतात आणि गाडी कुठल्या भागातून जाते त्याप्रमाणे पाटी बदलते: अँटवर्पेनचं आन्व्हेर्स, गेंटचं गाँ, कोर्ट्रैकचं कूर्त्रे. दोन्ही नावं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. अँटवर्पचं सेंट्रल स्टेशन १९०५चं आहे, घुमटाखाली पाच मिनिटं उभं राहावं असं. बाहेर पडलात की हिऱ्यांचा भाग लागतो, तिथे गुजराती कानावर पडतं. आमची मात्र इथे एक चूक झाली. आम्ही पोचलो सोमवारी आणि सोमवारी बरीचशी संग्रहालयं बंद असतात. अँटवर्पचे दोन दिवस मंगळवार ते शनिवार यांतच बसवा. रविवारीही बरीच दुकानं बंद असतात.

नॅशनलेस्त्रात हा रस्ता म्हणजे या सगळ्याचा कणा. ग्रोनप्लात्सपासून चालायला लागलात की थोड्याच वेळात 'मोडपलैस' दिसतं, ड्रीस व्हान नोटेन यांचं १९८९पासूनचं दुकान. इमारत एकोणिसाव्या शतकातली, कोपऱ्यावरची. महागड्या दुकानात शिरायचा संकोच वाटतो, मलाही वाटला. दारातून आत जाताना 'दाख' म्हणा, म्हणजे नमस्कार. घ्यायचं नसेल तर तसं सरळ सांगा आणि कपडा हातात घेऊन बघायची परवानगी मागा. मी सांगितलं, की मी शिवणारी आहे, आतली शिलाई बघायचीय. विक्रेत्या बाईंनी स्वतःहून एक जाकीट हँगरवरून काढून टेबलावर पसरलं.

गडद निळं लोकरी जाकीट, डाव्या खांद्यावरून छातीवर उतरणारं भरतकाम. जवळून पाहिलं तर दबक्याचे, म्हणजे जरीच्या तारेचे, बारीक वेटोळे, मध्येमध्ये मोठ्या टिकल्या, प्रत्येक टिकली एका मण्याने दाबलेली. मी बाही उलटी केली. अस्तर खांद्याच्या शिलाईला मोकळं सोडलेलं, हात वर केला तर ओढ बसू नये म्हणून. भरतकामाखाली वेगळं पातळ कापड घातलेलं, म्हणजे धाग्यांचा भार लोकरीवर येत नाही. व्हान नोटेन यांच्या कपड्यांवरचं हातभरतकाम अनेक वर्षांपासून कोलकात्याच्या परिसरातले कारागीर करतात. त्यांचा हात थांबू नये म्हणून दर हंगामात भरतकामाचं काही ना काही काम काढायचंच, ही त्यांची पद्धत. भारतात आपण दबका-टिकली म्हटलं की लग्नाचा शालू किंवा लेहंगा डोळ्यांपुढे आणतो. तेच काम इथे रोजच्या लोकरी जाकिटावर, एका खांद्यापुरतं आणि बाकी सगळी जागा मोकळी. त्या मोकळ्या सोडलेल्या जागेतच मला डिझायनर दिसला.

व्हान नोटेन यांचे आजोबा शिंपी होते. जुने कपडे उसवायचे, कापड उलटं करायचे आणि न विटलेली बाजू वर आणून पुन्हा शिवायचे. आपल्याकडे शर्टाची कॉलर झिजली की शिंप्याकडून उलटवून घेत, ते आठवतं ना? २०२४मध्ये व्हान नोटेन स्वतः कामातून बाजूला झाले. आता तिथे ज्युलियन क्लाउस्नर आहेत, ब्रुसेल्सच्या ला कांब्र शाळेत शिकलेले.

त्याच रस्त्यावर पुढे मोडनाटी ही इमारत लागते. मोमू हे फॅशन संग्रहालय आणि रॉयल अकादमीचा फॅशन विभाग एकाच छपराखाली. मोमू २००२मध्ये उघडलं आणि मोठ्या डागडुजीनंतर २०२१मध्ये पुन्हा सुरू झालं. प्रदर्शनं बदलत असतात, तेव्हा जाण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर तारखा बघा. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात गेलात तर दालनं अर्धीच उघडी मिळतात.

डिझायनर मार्टिन मार्जेला यांची एखादी वस्तू दिसली तर थांबा. ते 'अँटवर्प सिक्स'मध्ये नव्हते, पण त्याच अकादमीचे. त्यांच्या कपड्याला आत नाव नसलेली पांढरी पट्टी असते, चार कोपऱ्यांवर चार पांढरे टाके घालून पकडलेली. हे टाके पाठीवर बाहेरून दिसतात. आपण कच्चा टाका घालतो तसे, नंतर काढून टाकायचे असल्यासारखे. आई बघती तर म्हणाली असती, "काढायचे राहिले वाटतं!" शिंप्याचं जे काम गिऱ्हाइकाला कधी दिसू द्यायचं नसतं, ते या माणसाने बाहेर आणलं. मापाचा पुतळा ज्या जाड लिननच्या कापडात मढवतात, त्याच रूपाचं बिनबाह्यांचं जाकीट त्यांनी १९९७मध्ये केलं. शिवणकाम करणाऱ्याला ते बघून भरून येतं. आपलं सगळं आयुष्य ज्या पुतळ्यासमोर उभं राहून जातं, तोच इथे कपडा झालेला असतो.

फॅशन विभाग १९६३मध्ये मेरी प्रियो यांनी सुरू केला. वर्गांत जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण तिथली शिकवण्याची पद्धत जाणून घेण्यासारखी आहे. ऐतिहासिक पोशाख मुळाबरहुकूम कापून, शिवून बघायचा. जगातल्या एखाद्या समाजाचा पारंपरिक पोशाख अभ्यासायचा. त्यानंतरच स्वतःचं कलेक्शन. बरंचसं काम आधी मांजरपाटात होतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या महिन्यात चांगल्या कापडावर कात्री चालवायची घाई असते. आता मी त्यांना हे सांगते. सध्या गुच्चीत असलेले जॉर्जियाचे डेम्ना आणि २०२५पासून मेझाँ मार्जेला सांभाळणारे ब्रूजचे ग्लेन मार्टेन्स, दोघंही याच शाळेचे. विद्यार्थ्यांचा वार्षिक शो जूनच्या सुरुवातीला असतो आणि त्याची तिकिटं सर्वांना मिळतात. जमत असेल तर सहल त्याच सुमाराला बेता.

खरेदीबद्दल. नवं घेण्याची ऐपत माझी नाही. पण अँटवर्पमध्ये डिझायनरांच्या वापरलेल्या कपड्यांची चांगली दुकानं आहेत, आणि वसंतात व शरदात डिझायनरांकडचा उरलेला माल स्वस्तात निघतो, त्याला 'स्टॉकफरकोप' म्हणतात. जानेवारी आणि जुलै हे सरकारमान्य सेलचे महिने. एका दुकानात ठरावीक रकमेच्या वर खरेदी झाली की भारतातून आलेल्याला कर परत मिळू शकतो. पासपोर्ट जवळ ठेवा, दुकानातून फॉर्म मागून घ्या आणि युरोपातून बाहेर पडताना बॅग चेक-इनला टाकण्याआधी कस्टमचा शिक्का घ्या. क्लोस्टरस्त्रात या रस्त्यावर जुनं फर्निचर, दिवे, खुर्च्या बघायला मिळतात आणि तो रविवारीही जागा असतो.

गेंट अँटवर्पहून तासाभरावर. इथे माझा एकच मुक्काम होता, इंडस्ट्रीमुझेउम, म्हणजे जुन्या सूतगिरणीतलं संग्रहालय. लीफेन बाऊवेन्स या माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधून सूत कातायचं 'म्यूल' यंत्र सुटे भाग करून चोरून आणलं. इंग्लंडने त्याला त्याच्या गैरहजेरीत देहदंड ठोठावला आणि गेंटने त्याचा पुतळा उभारला. त्या यंत्रांवर गेंट कापडाचं शहर झालं. तसलं एक यंत्र इथे ठेवलेलं आहे.

मागांच्या मजल्यावर आम्ही उभ्या असताना एका कर्मचाऱ्याने प्रात्यक्षिकासाठी एक माग सुरू केला. धोटा डावीकडून उजवीकडे फेकला गेला, परत आला, आणि त्या आवाजाने जमीन हादरायला लागली. एकच माग होता. बाबांच्या खात्यात असे शेकडो. बाबा घरात नेहमी ओरडून बोलायचे, आम्हाला लहानपणी ते रागावलेत असं वाटायचं. भाची माझ्या कानाशी काहीतरी म्हणत होती आणि मला तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. माग बंद झाल्यावर धोटा हातात घ्यायला मिळेल का, असं मी विचारलं. गुळगुळीत लाकूड, टोकाला लोखंडी टोपी, मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट जड. माग केव्हा चालवतात ते आधी विचारून जा, नुसती बंद यंत्रं बघून परत येऊ नका. गेंटचं सिटीकार्ड घेतलंत तर हे संग्रहालय त्यात येतं.

कोर्ट्रैक गेंटपासून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. पर्यटक इथे फारसे येत नाहीत. 'टेक्स्चर' या संग्रहालयात जवसाची गोष्ट आहे. हो, तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. त्याच झाडाच्या दांड्यातून लिनन निघतं. आपण बी घेतो, बेल्जियमच्या या फ्लँडर्स भागाने दांडा घेतला. लाय नदीच्या पाण्यात पेंढ्या बुडवून दांडा कुजवायचा, वाळवायचा, झोडायचा, मग खिळ्यांच्या फणीवर विंचरायचा. शेवटी हातात येतो तो फिकट सोनेरी केसांसारखा झुपका. त्यावरूनच लायला सोनेरी नदी म्हणत. टेक्स्चरमध्ये धाग्याला हात लावू देतात. मी तो झुपका दोन बोटांत घेऊन पीळ दिला तर लगेच सूत धरलं. इथे घाई करू नका, अर्धा दिवस द्या.

ब्रुसेल्सला एकच दुपार मिळाली. दांसार रस्त्यावर स्टेल नावाचं दुकान आहे, सोन्या नोएल यांनी १९८४मध्ये काढलेलं. अँटवर्पच्या या मंडळींचे कपडे त्यांनी अगदी सुरुवातीपासून विकले. मुलं बरोबर असतील तर आटोमियम या स्मारकाजवळचं डिझाइन म्युझियम बघा, तिथली प्लास्टिकच्या खुर्च्यांची आणि वस्तूंची दालनं त्यांना आवडतील.

शाकाहारी असाल तर एक सावधगिरी. बटाट्याच्या फ्रिट्स बऱ्याच ठिकाणी पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. विचारल्याशिवाय घेऊ नका, विचारलं तर ते खरं सांगतात. गेंटमध्ये शाकाहारी जेवण सहज मिळतं. हॉटेलात पाणी बहुधा विकतच असतं, स्वच्छतागृहालाही पैसे पडतात, म्हणून सुटी नाणी खिशात असू द्या. आणि रस्ते दगडी फरसबंदीचे, जाड तळाचे बूट घाला.

मी आणलं ते अडीच मीटर बेल्जियन लिनन, न रंगवलेलं, जवसाच्या मूळ रंगाचं. डोंबिवलीला आले त्या रात्रीच ते आईच्या मांडीवर ठेवलं. तिने चष्मा लावला, काठ उलटा केला, एक धागा ओढून जिभेवर ओला केला आणि पीळ सोडवून बघितला. मग घडी माझ्याकडे दिली. "कात्री लावायच्या आधी रात्रभर पाण्यात टाक गं. आटणार हे."