कुकर, तीन रिंगा आणि एक पळी

पंचवीस मिनिटं झाली तरी शिट्टी नाही, म्हणून गॅसजवळ गेलो. झाकणाच्या कडेने बारीक फुसफुस चालू होती आणि दांड्यावरून ओघळलेलं पाणी बर्नरवर चरचरत होतं. मी आच वाढवली. दहा मिनिटांत मोठ्याने फस्सss झालं आणि सगळी वाफ सेफ्टी व्हॉल्व्हमधून छताकडे गेली. गार झाल्यावर उघडून पाहतो तर आत पाण्याचा टिपूस नाही आणि बटाट्यांचा कोळसा झालेला.

व्हॉल्व्ह उडाला म्हणजे व्हॉल्व्हच खराब, असं धरून मी आधी तो बदलला. हे म्हणजे फ्यूज उडाला म्हणून फ्यूजला शिव्या घालण्यासारखं. बटणासारख्या त्या व्हॉल्व्हच्या मधोमध लवकर वितळणारा मिश्रधातू असतो. पाणी आटलं की भांडं भलतंच तापतं, तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. बिचाऱ्याने त्याचं काम चोख केलं होतं. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली हाडंसुद्धा मऊ करणारं बंद झाकणाचं भांडं दाखवलं, तेव्हापासून या भांड्याची सगळी कसोटी दाब धरण्यात आणि वेळेवर सोडण्यात आहे. माझा कुकर सोडत होता, धरत नव्हता.

नवा व्हॉल्व्ह बसवूनही फुसफुस तशीच. मग संशय रिंगेवर. जुनी रिंग खरंच कडक झाली होती, वाकवली की बारीक भेगा दिसत. दुकानातून नवी आणली. कुकर पाच लिटरचा, म्हणून रिंगही पाच लिटरची. बसवायला गेलो तर झाकणात सैल. लिटर तेच असलं तरी मॉडेलनुसार झाकणाचा व्यास बदलतो, हे दुकानदाराने मी परत गेल्यावर सांगितलं, आधी नाही. मॉडेल कुकरच्या बुडाशी कोरलेलं असतं. माझ्या बुडावर इतकी काजळी होती की ते वाचायला अर्धा तास घासत बसलो. मग तिसरी रिंग आली, कंपनीचीच. ती चपखल बसली. वाफ तरीही येतच राहिली.

आता मी पेटलो. कुकर वॉरंटीत होता. कंपनीच्या हेल्पलाइनवर हा आकडा दाबा, तो आकडा दाबा करत शेवटी माणूस मिळाला, आणि त्याने पहिलंच वाक्य टाकलं, "रिंग आणि व्हॉल्व्ह वॉरंटीत येत नाहीत." अहो, पण ते दोन्ही मी स्वतःच्या पैशांनी बदललेत! "तक्रार नोंदवतो. वाफ नेमकी कुठून येते?" कडेने. "कडेने म्हणजे कुठून?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रागाच्या भरात फोन ठेवला खरा, पण अख्ख्या प्रकरणात कामाचा असा तो एकच प्रश्न होता, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये नुसतं पाणी घातलं, झाकण लावलं, गॅस पेटवला आणि लांबूनच चारी बाजूंनी बघत उभा राहिलो. वाफ सगळीकडून येत नव्हती. दांड्याच्या उजवीकडे, साधारण चार बोटं जागेतून येत होती. गार झाल्यावर रिंग काढली, फिरवून बसवली, पुन्हा तेच. वाफेने जागा सोडली नाही. म्हणजे दोष रिंगेत नव्हता. रिंगेत असता तर रिंगेबरोबर वाफही फिरली असती.

त्या चार बोटांच्या जागेवर खडूने खूण करून कुकर सर्व्हिस सेंटरला नेला. तिथल्या माणसाने कुकर मांडीवर घेतला, डोळे दुसरीकडेच, आणि अंगठ्याचं नख काठावरून सावकाश फिरवलं. खुणेजवळ नख टक् करून अडकलं. मग परत टक्. आणखी एकदा. "ढवळून झालं की पळी काठावर आपटता का?"

आपटतो. रोज. दोनदा, ठक ठक, पळीला चिकटलेलं पडावं म्हणून. मी उजव्या हाताने ढवळतो आणि दांडा नेहमी माझ्याकडे असतो, त्यामुळे मार बरोबर त्याच जागी बसत आला. ॲल्युमिनियम मऊ, पळी स्टीलची. प्रत्येक ठोक्याला केसाएवढी चीर, आणि रबर कितीही नवं असलं तरी त्या खाचेत पूर्ण भरत नाही. पुस्तिकेत लिहिलेलं होतं म्हणे. होतंच. सोळाव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, "भांड्याच्या काठावर आघात करू नये". पळी असा शब्द तिथे असता तर कदाचित वाचलंही असतं.

त्याने अगदी बारीक पॉलिशपेपरने काठ हलक्या हाताने घासला, पुन्हा नख फिरवलं, पुन्हा घासला. खाचा खोल असत्या तर भांडंच बदलावं लागलं असतं आणि ते वॉरंटीत बसलं नसतं, हेही ऐकवलं. तिथेच पाणी घालून शिट्टी काढून दाखवली. सातव्या मिनिटाला झाली.

आठवड्याने मेसेज आला: तुमची तक्रार यशस्वीपणे सोडवण्यात आली आहे, किती तारे द्याल? तीन दिले. एक त्या प्रश्नासाठी, दोन त्या नखासाठी. सैल रिंग दुकानदाराने परत घेतली नाही. बरणीचं घट्ट झाकण उघडताना ती भोवती घातली की पकड मस्त मिळते.