लेनॅगन यांना मनापासून थँक्यू
2023 मध्ये इंग्लंडमधल्या आमच्या विगनमध्ये ऑफिसात, बसस्टॉपवर एकच विषय होता: इयान लेनॅगन आपल्या विगन वॉरियर्स या रग्बी लीग क्लबची मालकी सोडताहेत. 2007 मध्ये डेव्ह व्हेलन यांच्याकडून क्लब घेतलेला हा विगनचाच माणूस. जुने चाहते सुपर लीगची विजेतेपदं आठवत होते. 2010, 2013 (त्या वर्षी चॅलेंज कपसुद्धा!), 2016, 2018 आणि 2023 ला ओल्ड ट्रॅफर्डवर फ्रान्सच्या कॅटलान्स संघाला 10-2 हरवलं ते. पण गळा दाटून आला तो अकॅडमीचा विषय निघाल्यावर. आपल्याच गल्लीतली पोरं लाल-पांढऱ्या जर्सीत मैदानात उतरताना बघणं, याहून मोठं काही नाही. काहींच्या मते त्यांनी पैशाला हात आखडता घेतला. मला नाही पटत. क्लब पायावर उभा ठेवणं सोपं नसतं. नवे मालक माइक डॅन्सनही इथलेच. फुटबॉलचा विगन अ‍ॅथलेटिक आधीच त्यांच्याकडे होता, त्यामुळे शेजारच्या आजोबांना थोडी धाकधूक वाटत होती.