कौलांवरची नावं: मे महिन्याची नोंद, आणि एक चूक मागे घेतो

जुन्या छपरांच्या कौलांवरचे कारखान्यांचे छाप मी टिपून ठेवतो, त्याचीच ही नोंद. आधी चुकीचं बघू. मागच्या नोंदीत मी मालवण तालुक्यातल्या एका घराचं साल १८६५ लिहिलं होतं. आधार एवढाच की माजघरात उताणं पडून वर पाहिलं तर कौलाच्या पाठीवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगलोर’ आणि खाली १८६५ असं रोमन अक्षरांत उठावाचं दिसतं. ते साल घराचं नाही. त्या कौलाचंही नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने मंगलोरला नेत्रावतीच्या काठी जेप्पू इथे १८६५ साली कारखाना काढला, ते हे साल. पुढे कित्येक वर्षं साच्यात तेच राहिलं. दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना अमुक’ लिहितात, तसंच. मी चहाच्या पुड्यावरचं स्थापनेचं साल वाचून चहा शंभर वर्षांचा ठरवला, असं म्हणा.

चूक लक्षात आली ती शाकारणीमुळे. मृगाआधी त्या घराची कौलं उतरवायची होती. काकांनी बोलावलं, मी ब्रश, बटर पेपर, मेणखडू घेऊन पोचलो. काकांचं पहिलं वाक्य: ‘‘कौलांचे फोटो कसले काढतंस? गळता खय ता आधी बघ.’’ मग दिवसभर कौलं खाली घेण्याच्या साखळीत उभा राहिलो आणि छाप बघायचे ते जेवणाच्या सुट्टीत.

पण त्या साखळीतच कळलं. उत्तरेकडच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या उताराची, कौलं हातात येत होती आणि नावं बदलत होती. मंगलोर, मंगलोर, मग मध्येच फेरोक. फेरोक कोझिकोडजवळ, तिथला मिशनचा कारखाना १९०५ चा. म्हणजे ते कौल त्याआधी या छपरावर असूच शकत नाही. मग ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’ निघालं. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना इंग्रज सरकारने हलवलं, कारखाने ताब्यात घेतले, आणि १९१९ नंतर ते या ट्रस्टच्या नावाने चालले. युरोपातली लढाई आमच्या वळचणीला येऊन बसलेली. अल्बुकर्कचीही सात कौलं मिळाली. ती पेढी १८६८ ची, मंगलोरचीच, मिशनचं बघून उभी राहिलेली.

तर आता माझा नियम असा: छाप फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतो. उलट बाजूने काहीच सांगत नाही, कारण आपल्याकडे मोडलेल्या घराची कौलं नव्या घरावर चढतात, लेकीच्या सासरीसुद्धा जातात.

मग छपराचा क्रम लावायचा कशावरून? मला दोन गोष्टी उपयोगी पडताहेत. एक म्हणजे जागा. वळचणीची आणि आढ्याजवळची कौलं आधी फुटतात (नारळ, झावळ्या आणि वानरं, याच क्रमाने), म्हणून पाख्याच्या मधल्या पट्ट्यात जुना माल टिकतो. दुसरी, काजळी. ही मला फार आवडली. चुलीच्या वरच्या कौलांच्या पाठीला डांबरासारखा काळा थर असतो, अक्षरं त्यात बुडालेली. त्यांच्याच शेजारी एखादं लालबुंद, स्वच्छ कौल दिसलं की समजायचं, हे गॅस आल्यानंतर बदललेलं. काकूंना गॅस कधी आला ते पक्कं आठवतं, धाकट्याच्या मुंजीच्या वर्षी. मुंजीची तारीख पत्रिकेवर. बासेल मिशनपेक्षा हा पुरावा जास्त भरवशाचा निघाला.

ठसे घेण्याबद्दल. वर्तमानपत्राचा कागद आणि पेन्सिल हा प्रकार सोडून दिला, कागद फाटतो. बटर पेपर चारी बाजूंनी चिकटपट्टीने ताणायचा आणि मेणखडू आडवा धरून एकाच दिशेने घासायचा. काजळी काढायला कोरडा ब्रश, फार तर बांबूची काडी. गेल्या वर्षी मी एका कौलावर संडास धुवायचं ॲसिड वापरलं होतं, त्याची अक्षरं पांढुरकी झाली आणि कडा गेल्या. कोणी करू नका. फोटो रात्री काढा, टॉर्च कौलाला समांतर धरून. दुपारच्या उन्हात जे सपाट वाटतं ते रात्री वाचता येतं.

यादी आता १९ वेगवेगळ्या छापांवर पोचली, मागच्या खेपेला ११ होती. त्यातल्या एका कौलावर इंग्रजी एन उलटा आहे. साच्यात अक्षरं आरशातल्यासारखी कोरावी लागतात, कोरणाऱ्याचा तेवढ्यापुरता गोंधळ झाला असावा. याच साच्यातलं दुसरं कौल कोणाच्या छपरावर दिसलं तर कळवा. एक साचा किती गावांत पोचला हे बघायचंय. ही कौलं गलबतांतून किनाऱ्याने वर यायची, तेव्हा माझा अंदाज असा की तो उलटा एन खाडीकाठच्या गावांत सापडेल, घाटाखालच्या वाड्यांत नाही. अंदाजच आहे.

नावांपलीकडचंही थोडं. नदीची माती मळून, दाबयंत्रात दाबून, मग सावलीत फळ्यांवर वाळवायची आणि नंतर भट्टी, असा तो क्रम. वाळायच्या आधी ओलं कौल उचलणाऱ्याची बोटं कडेला उमटतात. एका कौलावर चार बोटं इतकी स्वच्छ आहेत की माझी त्यात ठेवून पाहिली. माझी मोठी पडली. या कारखान्यांत बायकाही कामाला असत. आणि एका कौलावर मांजराचं पाऊल, एकच. बाकीची तीन शेजारच्या कौलांवर गेली असणार, आणि ती आता कुठल्या गावात ऊन खात असतील कोण जाणे.

वाईट बातमी म्हणजे दक्षिणेकडच्या पाख्यावर पत्रा चढला. निळा. काकांना दोष देत नाही. कौलं चाळायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी ऐकून घाम फुटतो, आणि वानरं दर आठवड्याला हजेरी लावतात. उतरवलेली कौलं खळ्याच्या कडेला गडग्यासारखी रचली होती, ट्रकवाला बघून गेला होता. छाप असलेली ४२ मी वेगळी मागितली. काकांनी ती गोठ्यात ठेवू दिली, वर खडूने माझं नाव लिहिलं, आणि सांगितलं, ‘‘पावसात पडवी गळली तर ह्यांतलीच चढवतलंय हां.’’

मांजराचं कौल तेवढं मी सर्वांत खाली ठेवून आलोय.