निलंबनाच्या अहवालाची प्रत मिळवताना

माझ्या मुलाला त्याच्या अनुदानित महाविद्यालयाने वसतिगृहातील एका भांडणावरून पूर्ण सत्रासाठी निलंबित केले आणि हातात दोन ओळींचे पत्र दिले. चौकशी अहवाल मागितला तर "तो गोपनीय आहे" एवढेच उत्तर मिळाले.

प्राध्यापकांचे पगार शासन देते, म्हणून मी थेट उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात अर्ज दिला. तिथेच सव्वा महिना गेला. दर वेळी "भाऊ, फाईल साहेबांकडे आहे" असे ऐकून मी परतत असे. अखेर अर्ज पाहायला मिळाला, तेव्हा समासात निळ्या शाईने शेरा होता: "प्राचार्यांकडे उचित कार्यवाहीसाठी". ज्यांच्या निर्णयाविरुद्ध तक्रार होती, त्यांच्याच टेबलावर ती परत गेली होती, आणि हा शेरा मारून कार्यालयाने आपले काम संपले असे मानले, याचा राग अजूनही गेलेला नाही.

त्यानंतर मुलाच्या नावाने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून महाविद्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज केला, कारण अनुदानित महाविद्यालयालाही माहिती अधिकार कायदा, २००५ लागू होतो. तीस दिवसांची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना अहवाल आला. सुनावणीची नोटीस दिल्याचे त्यात लिहिले होते, पण नोटिशीवर जावक क्रमांकही नव्हता आणि मुलाची सहीही नव्हती.

निलंबनाविरुद्ध दाद मागण्याचा खरा मार्ग विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांत आहे. आधी विद्यार्थी तक्रार निवारण समिती, जिने शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिचा निर्णय अमान्य असल्यास तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील. समितीने महाविद्यालयाचीच बाजू उचलून धरली. लोकपालांनी मात्र ती कोरी नोटीस पाहून एकाच सुनावणीत निलंबन रद्द केले. सहसंचालकांकडे घालवलेले दिवस मी समितीसाठी वापरले असते तर मुलाचे सत्र वाचले असते, असे मला मनापासून वाटते.

प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. निलंबनाच्या काळातील हजेरी आणि अंतर्गत गुणांची मागणीही मूळ तक्रारीतच लिहावी. आमच्याकडून ती राहिली आणि आदेश हाती असूनही हजेरीसाठी मुलाला महाविद्यालयात नवा अर्ज द्यावा लागला.