कूलरचा फोटो काढला आणि घराची इज्जत गेली

परवा तान्ह्या पोळ्याची सुट्टी होती, म्हटलं आज हॉलमधला जुना कूलर विकायचाच. पहिला पाऊस पडला की कूलर झाकून बाल्कनीत जातो असा आमच्या घरचा नियम आहे, म्हणजे होता, यंदा भाद्रपद लागला तरी हा हॉलमध्येच उभा. वर हेल्मेट, इस्त्रीचे कपडे आणि एक अर्धवट फाडलेला कुरियरचा खोका. ते सगळं उचलून सोफ्यावर टाकलं, कूलर पुसला, मोबाइलवर फोटो काढला आणि कॉलनीच्या जुन्या सामानाच्या ग्रुपवर टाकला. बायको म्हणाली, "पाऊस पडून राहिला अन् तुम्ही कूलर विकून राहिले, धन्य आहे बापा तुमची." दहा मिनिटांत एकाचा मेसेज आला. मला वाटलं भाव विचारतो आहे. तर म्हणे, "भाऊ, मागे कपड्याचं दुकान आहे का तुमचं?"

मी म्हटलं काय फालतू माणूस आहे. मग फोटो मोठा करून पाहिला.

आता हे सांगायला पाहिजे की आमचं घर घाण नाही. अजिबात नाही. सकाळी मावशी झाडू-पोछा करून जातात, त्या गेल्या की आई परत एकदा झाडू मारते कारण तिला मावशींचं झाडणं पटत नाही, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पुन्हा एकदा. सांडलेलं उचलून खा, अशी फरशी. पण त्या फोटोत फरशी दिसतच नव्हती ना, फोटोत होती ती खुर्ची, दाराच्या मागच्या खिळ्याला लटकलेल्या थैल्या, डायनिंग टेबलवर लोणच्याच्या बरणीला टेकवलेला पेपर, टीव्हीखाली वायरींचा गुंता, दिवाणावरची चादर एका बाजूने जमिनीला टेकलेली आणि दुसऱ्या बाजूने गादी उघडी, आणि बेडरूमच्या दारावर माझा ओला टॉवेल. हे सगळं मी रोज बघतो. म्हणजे बघत नाहीच, रोजचं असल्यामुळे दिसणं बंद झालंय, आणि मोबाइलला बिचाऱ्याला ती सवय नाही. तुम्ही पण करून पाहा, हॉलच्या दारात उभं राहून एक फोटो काढा आणि तो दुसऱ्याच कोणाच्या घरचा आहे असं समजून बघा. माझी तर सुट्टी त्यातच गेली.

खुर्चीपासून सांगतो, कारण ती माझी आहे. म्हणजे बसायला माझी नाही, तिच्यावर जे आहे ते माझं. प्रॉब्लेम असा आहे की कपड्यांचे दोन प्रकार असतात असं आलमारी बनवणाऱ्यांना वाटतं, धुतलेले आणि मळलेले. पण खरे जास्त कपडे मधलेच असतात, एकदा ऑफिसला घातलेली पॅन्ट, तासभर लग्नाला घातलेला कुर्ता, धुवायला टाकावा इतका मळला नाही आणि घडी करून धुतलेल्यात ठेवावा तर बायको ओरडते. त्या कपड्यांना घरच नाही. मग ते जातात खुर्चीवर. परवा मी तो ढीग उपसला तर तीन पॅन्ट, चार शर्ट, पोरीची ओढणी, रेनकोट आणि सगळ्यात खाली जानेवारीतला मफलर. आणि त्याच्या खाली खुर्चीचं वेताचं विणकाम एका कोपऱ्यात फाटलेलं, ते कधी फाटलं कोणालाच माहीत नाही. आता दाराच्या मागे चार हुक ठोकलेत, प्रत्येकाला एक, हुकावर मावेल तितकंच मधलं, जास्त झालं की सरळ मशीनमध्ये. आठ दिवस तरी चालेल असं बायको म्हणते. मी म्हटलं पंधरा.

मला त्या दिवशी जे कळलं ते एवढंच की आमच्या घरातला निम्मा पसारा "सध्या" या शब्दाने झालाय. सध्या इथे ठेव. सध्या राहू दे. कुरियरचा खोका सध्या कूलरवर, कारण वस्तू परत करायची असेल तर लागेल, ती वस्तू एप्रिलपासून वापरून राहिलो आम्ही. पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांचा रिकामा डबा सध्या ओट्यावर. सांबार बांधून आणलेला रबर सध्या नळाला. नळाला किती रबर आहेत मोजले, एकवीस.

आणि फ्रिजचा वरचा भाग हे "सध्या"चं मुख्यालय. आमच्या फ्रिजवर टॉर्च आहे, तिच्यात सेल नाहीत, सेल आहेत पण ते वेगळे पडलेत आणि चालतात की नाही माहीत नाही म्हणून फेकले नाहीत. विजेची बिलं आहेत. मागच्या दिवाळीच्या दोन पणत्या. आईच्या बीपीच्या गोळ्या, आणि हे मात्र खरंच चुकीचं होतं, कारण पाकिटावर २५ नाहीतर ३० अंशांच्या खाली ठेवा असं स्वच्छ लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असताना बंद स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूला काय होत असेल विचार करा. गोळ्या आता बेडरूमच्या आलमारीत गेल्या.

पण फ्रिजवरचा खरा हट्टी माल म्हणजे लग्नपत्रिका. २०१९ पासूनच्या आहेत. मी रद्दीत टाकायला घेतल्या तर आई धावत आली, "गणपती आहे ना त्याच्यावर, गणपतीला कबाड्याकडे पाठवतं का कोणी?" आता याला उत्तर नाही. तुमच्याही घरी असंच असेल, देवाचं चित्र असलेली कोणतीच गोष्ट फेकता येत नाही, पत्रिका, अगरबत्तीचे पुडे, जुनी कॅलेंडरं. शेवटी तोड अशी निघाली की आईने कात्री घेतली आणि खुर्चीत बसून (हो, बसायला खुर्ची मिळाली ना आता) एकेका पत्रिकेवरचा गणपती कापून पेढ्यांच्या त्या रिकाम्या डब्यात ठेवला, उरलेली पत्रिका रद्दीत. एकोणचाळीस गणपती निघाले. मधेमधे नावं वाचून चालू होतं, हे टिकलं, हे नाही टिकलं, यांच्याकडे जेवण काय मस्त होतं. दीड तास गेला पण आई इतकी खूश मी पोळ्याला पुरणपोळी खातानाही पाहिली नव्हती.

थैल्यांची थैली तर सगळ्यांकडेच असते. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा मला वाटलं आता ही बारीक होईल, उलट आईने "आता मिळणार नाहीत" म्हणून होत्या त्याही सांभाळून ठेवल्या, आणि त्यात कापडी थैल्यांची भर. दाराच्या मागे ठेवलं म्हणजे दिसत नाही असं आपल्याला वाटतं, पण दार पूर्ण उघडतच नाही त्यामुळे, पाहुणा आडवा होऊन आत येतो.

आता थोडं साफसफाईचं, कारण काही गोष्टी आपण स्वच्छतेसाठी करतो आणि त्यानेच घर मळकं दिसतं. पोछ्याच्या बादलीत फरशीचं लिक्विड बाटलीवर एक झाकण लिहिलंय तर मी दोन-अडीच टाकायचो, वास चांगला येतो म्हणून. ते जास्तीचं फरशीवरच सुकतं, पातळ चिकट थर बसतो, त्यावर पायांचे ठसे उमटतात आणि धूळ अजून जास्त धरते. मग आपण म्हणतो फरशी चिकट झाली, उद्या तीन झाकणं टाक. मावशींनी मला हे दोनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. दुसरं, पंखा चालू ठेवून झाडणं, आणि आधी झाडून मग फर्निचर झटकणं. वरची धूळ खाली येणार हे कळायला काही डिग्री लागत नाही पण आमच्याकडे वर्षानुवर्षं उलटंच चालू होतं.

स्विचबोर्डभोवतीचा काळा गोल पण असाच. भिंत दोन वर्षांपूर्वी रंगवली, पांढरी स्वच्छ, पण बटणांच्या बाजूला बोटांच्या तेलाचा आणि धुळीचा एक काळपट ढग. पूर्ण भिंतीपेक्षा नजर आधी तिथेच जाते. मेन स्विच बंद करून, फडकं अगदी घट्ट पिळून, साबणाचा एक थेंब, पाच मिनिटांचं काम होतं, आणि मी दोन वर्षं म्हणून राहिलो होतो की रंगवाल्याने फसवलं.

एका ठिकाणी मात्र मी हुशारी करायला गेलो आणि अंगाशी आलं. आमच्याकडे बोअरचं पाणी, जड, त्यामुळे नळांवर पांढरे डाग, आणि ते कितीही साबणाने घासा जात नाहीत कारण ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, पाणी उडून जातं आणि ते मागे राहतात. कूलरच्या ताट्यांवर जी पांढरी पापडी धरते ना, तीच भानगड. त्याला आंबट पाहिजे, लिंबू नाहीतर व्हिनेगर. मी व्हिनेगरात भिजवलेला कपडा नळाला गुंडाळला, अर्धा तास ठेवला, नळ आरशासारखा झाला, मी सगळ्यांना बोलावून दाखवला. पण कपड्यातून थेंब थेंब खाली कोट्यावर पडत होतं. कोटा म्हणजे चुनखडीचाच दगड, आंबट त्याला खातं, पॉलिश गेली आणि ताटाएवढा फिक्कट डाग पडला. तो घासून निघत नाही, दगडच खाल्ला गेलाय. सध्या तिथे बादली ठेवलीय.

इंटरनेटवर ती घरं दाखवतात ना, हॉलमध्ये एक सोफा, एक कुंडी, बाकी भिंतच भिंत, ती बघून मला राग येतो. त्यांच्याकडे महालक्ष्म्या नसतील. आमच्याकडे असतात, म्हणजे लोखंडी स्टँड, मुखवटे, साड्यांची पेटी, सोळा भाज्या शिजतील अशी गंजं, पंगतीची ताटं, हे वर्षभर लॉफ्टवर आणि तीन दिवस घरभर. सामान कमी करा म्हणणं सोपं आहे. आणि त्या तीन दिवसांत आमची एक जुनी पद्धत आहे जी तुमच्याकडेही असेल पण कोणी कबूल करणार नाही, हॉलमधलं सगळं उचलायचं, बेडरूममध्ये कोंबायचं आणि दार लावून घ्यायचं. येणाऱ्या बायका म्हणतात घर किती छान ठेवलंय वहिनींनी. मागच्या वर्षी त्या ढिगात गॅसचं पुस्तक गेलं, ते थेट डिसेंबरात मिळालं.

तर परवा हे सगळं चालू असताना टीव्हीवर मारबतीची, म्हणजे आमच्या नागपुरात इडा पिडा घालवायला जे पुतळे काढतात त्यांची, मिरवणूक लागली होती. लहानपणी बाबा इतवारीत न्यायचे खांद्यावर बसवून, काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते हे त्यांच्याकडूनच पाठ झालेलं, आता त्या गर्दीत जायची हिंमत होत नाही. आईचा मात्र नेम आहे, गॅलरीत उभं राहून ओरडायचंच. यंदा तिने सुरू केलं, "इडा पिडा, रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत!" आणि मग आत माझ्याकडे बघून, "याच्या खुर्चीवरचे कपडे घेऊन जा गे मारबत!" समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू गॅलरीतून हसल्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. खिडकीतून दिसते म्हणे.

कूलर अजून गेला नाही. तीन हजार म्हटलं होतं, आता अडीचला देतो, पंप यंदाच बदललाय, वाळ्याच्या ताट्या एकच उन्हाळा चाललेल्या आहेत, टाकी रिकामी करून वाळवून ठेवलीय त्यामुळे डासांचं टेन्शन नाही. मनीषनगरच्या बाजूला कोणाला पाहिजे असेल तर सांगा, महालक्ष्म्यांच्या आधी न्यावा लागेल कारण त्याच जागी त्या बसतात. फोटो नवीन काढलाय, यावेळी मागे फक्त भिंत आहे.