बंब पोचायच्या आधीचा पाऊण तास

मी तालुक्याच्या गावी बंबावर फायरमन आहे, १४ वर्षं झाली. सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग, द्राक्षाचा पट्टा. गाडी एकच आणि शेवटचं गाव २७ किलोमीटरवर, त्यामुळं कॉल आल्या आल्या निघालो तरी तिथं पोचायला पाऊण तास जातोच.

मार्चातली गोष्ट. दुपारी दोनला त्याच शेवटच्या गावातनं फोन आला, कडब्याची गंज पेटलीय, लागूनच गोठा आहे. आम्ही पोचलो तेव्हा गोठ्याचं छप्पर खाली बसलेलं, दोन म्हशी आणि एक रेडकू जागेवरच गेलेलं. माणसं नव्हती असं नाही, शे-दीडशे माणूस घागरी-बादल्या घेऊन पळत होतं, जीव तोडून पाणी मारत होतं, पण गंजीवर वरनं मारलेलं पाणी निथळून खाली जातं आणि आत निखारा तसाच राहतो, गंज दाताळ्यानं ओढून फोडायला लागते आणि फोडलेलं भिजवत जायला लागतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. म्हशी लोखंडी साखळीनं बांधलेल्या. जनावर घाबरून मागं ओढायला लागलं की साखळीवर ताण येतो आणि कडी निघत नाही, त्यात लोखंड तापलेलं. मालकाच्या दोन्ही तळहातांची कातडी त्या कडीला चिकटून आली होती. तो हात पुढं धरून नुसता बसला होता, रडतही नव्हता.

सरपंच ताई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "दादा, तुमच्यावर राग नाही, रस्ता आम्हाला माहितीय. पण तुम्ही येस्तोवर आम्ही काय करायचं तेवढं सांगा." मला पटकन काही बोलता आलं नाही. आणि तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या मागं गेलं, गल्लीच्या तोंडाला ट्रॅक्टर उभा, मागं एचटीपी पंप, ६०० लिटरची टाकी, लांब पाइप आणि गन. द्राक्षावर औषध मारायचा. असे पंप त्या गावात दारोदार आहेत, शेततळी आहेत, म्हणजे पाणी होतं, प्रेशर होतं, ट्रॅक्टरही होता, आणि तो उभ्या जागेवरनं हलला नव्हता कारण तो आगीवर चालतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते मला आजही टोचतं, कारण इतकी वर्षं त्या भागात जाऊन मीही कधी सांगितलं नव्हतं.

१४ एप्रिलला बैठक ठरली. बाबासाहेबांची जयंती, पुण्या-मुंबईची पोरंही गावात आलेली, सकाळी झेंडावंदन झालं आणि मिरवणूक संध्याकाळी, मधल्या वेळात सगळे समाजमंदिरात बसलो. आमचाही तो दिवस आहे, अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, जहाजात कापूस आणि दारूगोळा, आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. हे सांगितलं तेव्हा मागची कुजबुज थांबली. त्यांना मी एवढंच म्हटलं की तुम्हाला जवान व्हायचं नाहीये, आम्ही येईपर्यंत आग आहे तिथंच धरून ठेवायचीय.

या कामाला २२ नावं आली, त्यात सात पोरी. ग्रामसभेत ठराव झाला, वर्गणीतनं दाताळी, घमेली, टॉर्च आणि जाड हातमोजे आले. पाच ट्रॅक्टरवाल्यांनी शब्द दिला की एप्रिल-मेपुरती एचटीपीची टाकी औषध धुऊन साध्या पाण्यानं भरून ठेवायची. ग्राम सुरक्षा यंत्रणेच्या नंबरवर एक फोन केला की सगळ्या गावाचे मोबाइल एकदम वाजतात, ते गावात सुरू होतंच, त्यालाच हे जोडलं. पहिला फोन आम्हाला, दुसरा तिथं, तिसरा वायरमनला, कारण डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बंद झाल्याशिवाय पाण्याचा थेंब मारायचा नाही. हे मी दहादा सांगितलं आणि दहादा म्हणून घेतलं. सिलेंडरला लागलेली आग ओलं पोतं टाकून विझवून रेग्युलेटर कसा बंद करायचा ते करून दाखवलं. पहिल्यांदा पुढं आली ती अकरावीतली पोरगी, हात थरथरत होते पण तिनं केलं. आणि साखळ्या काढायच्या ठरलं. गोठ्यात सुती दावं, आणि दाराजवळच्या खांबाला, हाताला येईल असा एक विळा खोचलेला.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत परत तिथलाच कॉल, परत गंज, परत गोठा शेजारी. रस्ताभर मी ड्रायव्हरशी एक शब्द बोललो नाही. पोचलो तर दोन ट्रॅक्टर दोन बाजूंनी लावलेले, एक गन गोठ्याच्या छपरावर, एक गंजीवर, चौघं दाताळ्यानं कडबा ओढतायत आणि पोरींनी रस्ता मोकळा ठेवून आम्हाला थेट शेततळ्याकडं वळवलं. छप्पर एका कोपऱ्याला काळं पडलेलं, बाकी उभं. आम्ही उरलेली गंज फोडली, साडेपाचला पाइप गुंडाळले. चार म्हशी गल्लीत मोकळ्या उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात कापलेल्या दाव्याचं वीतभर टोक लोंबत होतं.